शब्द कोणी मोडला? नाना फडणवीस आणि आपली साष्टी

धर्मग्रामांच्या रौप्य, सुवर्ण आणि शतक महोत्सवांच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिका मी बरीच वर्षे आवडीने जमवत आलो आहे. अंधेरी, मरोळ, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातल्या स्मरणिका चाळल्या म्हणजे इतिहासाचे पान बहुधा तीन वाक्यांत आटोपलेले दिसते. पोर्तुगीजांनी चर्चेस बांधली. मराठ्यांनी ती उद्ध्वस्त केली. मग इंग्रज आले आणि शांतता नांदू लागली. पहिली दोन वाक्ये अर्धी खरी आहेत आणि त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे भांडता येईल. माझे भांडण तिसऱ्या वाक्याशी आहे. इंग्रज 'आले' म्हणजे काय? ते कसे आले, कोणाच्या संमतीने आले, कोणता करार करून आणि कोणता मोडून आले, याविषयी आपली स्मरणिका मौन पाळते. ज्या माणसाशी त्यांना आठ वर्षे झुंजावे लागले, त्या नाना फडणवीसांचे नाव निघालेच तर 'कपटी', 'कारस्थानी', 'मराठ्यांचा मॅकियाव्हेली' ही विशेषणे तेवढी पुढे येतात. ही विशेषणे आपली नव्हेत. ती इंग्रजांच्या टांकसाळीत पाडलेली नाणी आहेत आणि आपण ती अजून बिनदिक्कत खर्च करत आहोत.

मूळ हकीकत सांगणे भाग आहे. १७३७ साली ठाणे आणि साष्टी बेट मराठ्यांकडे आले, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, अनेक चर्चेस ओस पडली आणि काही घंटा घाटावर गेल्या. हे दुःख आपल्या पूर्वजांनी सोसले, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी आंकेतील द्यु पेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला तेव्हा त्याला काय दिसले? एतद्देशीय धर्मगुरूंच्या हाताखाली चालणारी ख्रिस्तसभा त्याला दिसली. ठाण्याच्या चर्चमध्ये उघडपणे साजरा होणारा सण आणि त्यासाठी लोटलेली भाविकांची गर्दी त्याने पाहिली. मराठी अंमलात आपला धर्म संपला असता, तर हा फ्रेंच प्रवासी काय भुताखेतांची मिरवणूक पाहून गेला?

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि त्या तान्ह्या पेशव्याच्या नावाने सखारामबापू बोकील व नाना कारभार पाहू लागले. मुंबईच्या इंग्रजांना ही संधी वाटली. साष्टी आणि वसई आपल्याला मिळावीत म्हणून त्यांचा वकील मॉस्टिन पुण्यात बसून होता, राघोबाशीही घासाघीस चालू होती. त्याच सुमारास पोर्तुगीज आरमार आपला जुना मुलूख परत घेण्यासाठी येत असल्याची बातमी आली. दुसऱ्याने घेण्यापूर्वी आपण घ्यावे, एवढ्याच न्यायाने इंग्रजांनी २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. त्याच दिवसांत आपला वेसाव्याचा किल्ला पडला आणि नव्या वर्षाच्या आरंभी सारी साष्टी कंपनीच्या हाती गेली. पुण्याशी युद्ध पुकारलेले नव्हते, आणि राघोबाने साष्टी लिहून देण्याचा सुरतेचा तह तर मार्च १७७५ चा. म्हणजे माल आधी उचलला आणि पावती मागाहून, तीही मालकाकडून नव्हे तर घरातून फुटलेल्या चुलत्याकडून लिहून घेतली. आपल्या स्मरणिकेतले 'इंग्रज आले' ते असे.

हे मी एखाद्या स्वाभिमानी मराठी बखरकाराच्या तोंडून बोलत नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज मंडळानेच मुंबईकरांच्या या युद्धाला अन्याय्य आणि अनधिकृत ठरवले होते. कर्नल अप्टन याला पुण्याकडे धाडण्यात आले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द झाला. राघोबाने फौज मोडून कोपरगावी स्वस्थ बसावे असे ठरले. साष्टी ठेवायची की परत द्यायची, हे कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोडले गेले. नानांना ही शेवटची गोष्ट जड गेली असणार, पण राज्यातले घरचे भांडण मिटावे म्हणून ती त्यांनी मान्य केली. मग मुंबईकरांनी काय केले? राघोबाला त्यांनी सोडले नाही. १७७६ संपण्यापूर्वीच तो मुंबईत त्यांचा पाहुणा होता. तहाची शाई वाळण्यापूर्वी तह मोडणे म्हणतात ते यालाच.

इथे फ्रान्स या कथेत येतो. १७७७ च्या मार्च महिन्यात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौल बंदरात उतरला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवून पुण्यास पोचला. माणूस पक्का बोलघेवडा होता. अडीच हजार गोरे सैनिक देतो, तोफा देतो, मोबदल्यात चौल बंदर द्या, असा त्याचा सौदा होता. नानांनी त्याचे थाटाने स्वागत केले आणि ते इंग्रज वकिलाला नीट दिसेल अशी व्यवस्था ठेवली. मुंबईचे धाबे दणाणले. वर्षभर त्याला झुलवत ठेवून, त्याच्या शब्दांमागे फौज नाही हे उमगल्यावर, १७७८ साली नानांनी त्याला वाटेला लावले. इंग्रज ग्रंथकार याच प्रकरणाकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, हा कपटी! परंतु राघोबाला मुंबईत आसरा मिळाला तो सेंट लुबिन चौलला उतरण्याच्या आधी, हा क्रम ते सोयीस्करपणे विसरतात.

त्या वेळी फ्रान्सचे परराष्ट्र खाते सांभाळत होता शार्ल ग्राव्हिए, व्हेर्झेनचा काउंट. कॉन्स्टंटिनोपल आणि स्टॉकहोम इथे वकिली करून मुरलेला हा गृहस्थ १७७४ मध्ये, म्हणजे सवाई माधवरावांच्या जन्मसाली, तरुण सोळाव्या लुईचा मंत्री झाला आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिला. सेमिनरीत आम्हांला युरोपचा इतिहास शिकवताना रिशेलिए, माझारँ आणि व्हेर्झेन यांची नावे आदराने सांगितली जात. आता व्हेर्झेनने काय केले पाहा. इंग्लंडशी शांतता असताना त्याने बोमार्शे या नाटककाराच्या नावे एक खोटी व्यापारी पेढी उघडवली आणि तिच्यामार्फत अमेरिकन बंडखोरांना बंदुका व दारूगोळा पुरवला. इंग्रज राजदूत लॉर्ड स्टॉरमंट तक्रार घेऊन आला की आपल्याला यातले काही ठाऊक नाही असे तो शांतपणे सांगे. १७७८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेशी उघड तह केला तेव्हा कुठे पडदा दूर झाला. याला जग मुत्सद्देगिरी म्हणते. मग नानांनी एका फ्रेंच वकिलाला मेजवानी दिली तर ते कपट कसे? व्हर्सायमध्ये जी बुद्धिमत्ता ठरते ती शनिवारवाड्यात दुर्गुण ठरावी, याचे कारण मला तरी एकच दिसते. ज्याने लिहिले तो इंग्रज होता आणि ज्याने वाचले ते आपण होतो.

दोघांचे साम्य एवढ्यावरच थांबत नाही. दोघेही तलवारीचे नव्हेत, मेजावर बसणारे. 'फडणवीस' हा शब्दच मुळी फारसी 'फर्दनवीस' वरून आला, म्हणजे याद्या लिहिणारा, हिशेबनीस. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहण्याचे काम सुमंताचे, म्हणजे डबीराचे होते. पेशवाईत ते काम हिशेबाच्या चोपड्या सांभाळणाऱ्या भानूंच्या घराण्याकडे आले, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा आहे. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत काळे, आणि जिथे वकील नाही तिथे बातमीदार. या सर्वांची पत्रे वाचून, ताडून, मगच हा माणूस उत्तर लिही. वाईजवळच्या मेणवलीच्या दफ्तरात त्या कागदांचे ढीग राहिले, म्हणून तर आज आपण हे बोलू शकतो.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकरांनी राघोबाला पुण्याच्या गादीवर नेऊन बसवण्यासाठी सुमारे चार हजारांची फौज घाट चढवली. नाना आणि महादजी शिंदे यांनी तिला आत येऊ दिले, दाणागोटा तोडला, वाटेवरचा मुलूख ओसाड केला. तळेगावाहून फौज माघारी वळली तेव्हा तिने जड तोफा तलावात ढकलून दिल्या. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला ती पुरती कोंडली गेली आणि तहाची याचना झाली. तह करण्याचा आम्हांला अधिकार नाही असे इंग्रज सांगू लागले, तेव्हा महादजींनी विचारले की पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांला होता काय, तो आधी दाखवा. ही हकीकत इंग्रज इतिहासकार ग्रँट डफनेच दिली आहे. अखेर सही झाली. साष्टीसह घेतलेला मुलूख परत देण्याचे इंग्रजांनी कबूल केले, बंगालहून येणारी गॉडार्डची फौज परत फिरवण्याचे कबूल केले, फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे ओलीस ठेवले. फौज सुखरूप घाट उतरली. आणि उतरताच गॉडार्डला दिलेला परतण्याचा हुकूम मागे घेण्यात आला. सही करणाऱ्या कारनॅकच्या मते ती सही मुळातच निरर्थक होती. वरिष्ठांनीही तह नाकारला.

वाचकहो, नीतिशास्त्राचा माझा अभ्यास सेमिनरीपुरताच, पण या प्रकाराला तिथे एक नाव होते. ओठांनी एक म्हणायचे आणि त्याला निष्प्रभ करणारे दुसरे मनात राखून ठेवायचे. अशा मनोगत राखणीचे समर्थन करणारी विधाने पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली निषिद्ध ठरवली होती. वडगावच्या बरोबर शंभर वर्षे आधी. कारनॅक काही कॅथॉलिक नव्हता, त्याला पोपचे बंधन नव्हते, हे खरे. पण ख्रिस्ती म्हणवणाऱ्याने असे वागावे आणि ज्याच्याशी असे वागला त्याला मॅकियाव्हेली म्हणावे, यावर आपण मान डोलवावी? ओलिसांचे काय झाले तेही सांगतो. ज्यांचा तह मोडला गेला त्यांनी त्या दोघांच्या केसालाही धक्का लावला नाही. १७८० मध्ये महादजींनी त्यांना गॉडार्डच्या छावणीत परत पाठवले.

मग नानांनी निजाम, हैदरअली आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणण्याचा डाव मांडला. तो पुरता साधला नाही. भोसले बाजूला राहिले, निजाम फुटला, डिसेंबर १७८० मध्ये गॉडार्डने वसईही घेतली. पण हैदरने मद्रासकडे असा तडाखा दिला की हेस्टिंग्जला तह हवाहवासा झाला. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने ठरला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. नानांनी त्याला मान्यता दिली ती डिसेंबरात, हैदर वारल्यानंतर. या दिरंगाईवरही त्यांना लबाड ठरवले जाते. हैदरशी केलेल्या वचनामुळे त्याला सोडून वेगळा तह करणे त्यांना अवघड होते, आणि त्या वचनाचा वापर ते इंग्रजांकडून अधिक काही पदरात पाडण्यासाठीही करत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण सही करायला वेळ लावणे वेगळे आणि केलेली सही मोडणे वेगळे. सालबाईवर सही केल्यावर साष्टीसाठी नानांनी पुन्हा तलवार उपसली नाही. शब्द दिला, पाळला.

आपल्या मुलांना हे एक वर्ष तरी पाठ करायला लावावे, असे मला फार वाटते. भाईंदरच्या खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे ख्रिस्ती, एकाच मातीचे, एकाच बोलीचे, एकाच मिशनकार्याचे, त्या वर्षीच्या कागदाने दोन राज्यांत वाटले गेले. अलीकडचे कंपनीच्या चाकरीच्या वाटेला लागले, पलीकडचे मराठी राज्याची रयत राहिले. पुढे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वर्षी आपण 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. त्यात पोटापाण्याचा विचार होता आणि त्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नावाबरोबर इंग्रजांचे मतही अंगाला चिकटले. आपण बाहेरचे, असा आरोप कोणी करतो तेव्हा आपल्याला राग येतो. मग आपल्याच जमिनीचा सौदा कोणत्या कागदांवर झाला, हे आपल्याला का ठाऊक नसावे? एवढे मात्र खरे की तो सौदा करताना साष्टीच्या रयतेला कोणी विचारले नाही. हेस्टिंग्जने नाही आणि नानांनीही नाही.

नानांचा पुतळा उभारा असे माझे म्हणणे नाही. बरोबरीने कारभार केलेले सखारामबापू कैदेत पडले आणि १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच वारले. पुण्याची कोतवाली ज्या घाशीराम सावळदासाकडे नानांनी सोपवली, त्याने १७९१ मध्ये कोंडलेल्यांपैकी एकवीस तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा पुणे पेटले आणि घाशीराम दगडांनी ठेचला गेला. त्या कोतवालाच्या मागची वर्षानुवर्षांची जुलूमशाही नानांना दिसली नाही, की दिसूनही चालवून घेतली? मला दुसरे संभवनीय वाटते. सवाई माधवरावांना त्यांनी इतक्या पहाऱ्यात वाढवले की १७९५ साली तो एकवीस वर्षांचा पोर वाड्यावरून पडून मेला, त्या मृत्यूचे ओझेही त्यांच्या खात्यावरून पुसता येत नाही. नऊ लग्ने केली, शेवटची पत्नी त्यांच्या मृत्यूसमयी अजाण मुलगी होती. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून आपल्या सुशिक्षितांना तर नाना म्हणजे त्यातला लंपट म्हातारा एवढेच ठाऊक. ते नाटक इतिहास नाही असे नाटककाराने स्वतःच बजावले होते. परंतु चरित्रापेक्षा तिकीट काढून पाहिलेले अधिक लक्षात राहते. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९२ साली लिहिलेले चरित्र आज आपल्यापैकी किती जणांनी हातात धरले असेल?

त्याहूनही वाचण्याजोगे आहे नानांचे स्वतःचे आत्मचरित्र. लहानसे आहे, पानिपतापर्यंतच येते. कंपनीच्या सेवेतल्या जॉन ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतरही केले. त्यात मुत्सद्देगिरीचा मागमूस नाही. बाळपणी देवपूजेचा खेळ, तारुण्यात उसळलेली कामवासना, तिच्याशी चाललेली झटापट, स्वतःची लाज, आणि मग १७६१ चे पानिपत. तिथून अठरा वर्षांचा नाना जीव घेऊन पळाला, आई मात्र त्या रणधुमाळीत कायमची हरवली. आपल्या दुर्बलतेविषयी इतक्या उघडपणे बोलणारे दुसरे पान जुन्या मराठी गद्यात मला आढळले नाही. संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' आपण थोर मानतो, व्याख्यानांत सांगतो. इथे आपल्याच भाषेत, कुठल्याही प्रायश्चित्त संस्काराची सक्ती नसताना, एक राजमंत्री स्वतःचे पाप मांडतो आहे. मॅकियाव्हेलीने असे पान लिहिलेले मला ठाऊक नाही.

आणि विश्वासघाताचीच मोजदाद करायची तर आणखी एक नोंद करावी लागेल, ती आपल्याला बोचणारी आहे. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नानांना कैद करण्यात आले. असा दगा होईल ही शंका त्यांना होती. ती दूर करायला शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोज या सेनाधिकाऱ्याने सुखरूप परत पोचवण्याचा शपथपूर्वक शब्द दिला होता. त्या शब्दावर नाना गेले आणि त्याच फिलोजने त्यांना पकडले. हा फिलोज मूळचा नेपल्सचा, बाप्तिस्मा झालेला कॅथॉलिक. आयुष्यभर कोणाच्या शब्दावर विसंबला नाही असे ज्याच्याविषयी सांगतात, तो म्हातारपणी एका ख्रिस्ती माणसाच्या शपथेवर विसंबला आणि अहमदनगरच्या किल्ल्यात पोचला. पुढच्या जुलैत दहा लाख रुपये मोजल्यावर सुटका झाली. कपटी कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या समाजाने हे प्रकरण टाळू नये.

कोणी विचारील, नानांनी ख्रिस्ती लोकांसाठी काय केले? मुद्दाम असे काही नाही. पण १७९२ मध्ये, पुण्याचे पानही ज्यांच्या इशाऱ्यावाचून हलत नव्हते त्या काळात, पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथॉलिक शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या सरकारने चर्चला जागा दिली. दों मिगेल द नोरोन्या या सेनाधिकाऱ्याने ती मागितली होती. पुण्यातले ते पहिले चर्च, सिटी चर्च म्हणून आजही ओळखले जाते, आणि ज्या पेठेत ते उभे आहे तिचे नाव नाना पेठ. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर १७०७ सालची एक घंटाही टांगलेली आहे, बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची प्रतिमा कोरलेली. वसई मोहिमेनंतर घाटावर गेलेल्या घंटांपैकी ती एक. ती पाहून आपल्यापैकी काहींना चीड येते, मलाही पहिल्यांदा आली. पण तिच्यावरची मरिया कोणी घासून काढलेली नाही, हेही मग पाहिले. २००४ साली 'स्वदेस' या चित्रपटात तो घाट साऱ्या देशाने पाहिला, त्या घंटेची कथा मात्र फारच थोड्यांना ठाऊक.

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. पुण्याचा इंग्रज वकील कर्नल पामर याने वरिष्ठांना कळवले की मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेले. शत्रूच्या वकिलाने दिलेले हे प्रमाणपत्र आपल्या स्मरणिकांत का येऊ नये? पुढची हकीकत लहान आहे. यशवंतराव होळकरांकडून ऑक्टोबर १८०२ मध्ये पराभूत होऊन दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईस पोचला. तिथे, आपल्या साष्टीच्या समोरच्या काठावर, ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने कंपनीची तैनाती फौज पत्करली. नानांना जाऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती.